कौतुक घराचं तिकीट

दीडशे रुपये! माणशी दीडशे! आणि आत काय, तर पाच पायांची भुसा भरलेली बकरी, कोण्या साधूनं चौदा वर्षं वाढवलेली नखं, चमच्यांची खुर्ची, आणि बरणीत दोन तोंडांचं काहीतरी, जे मी नीट पाहिलंच नाही, कारण सकाळी पोहे खाऊन गेली होती. सदर बाजारात एका सोनाराच्या दुकानावर जिना चढून जायचं, तिथं ते 'कौतुक घर'. आता कॉलनीतल्या बायका मले अडवून विचारतात, सुनीतीबाई, पाहाण्यासारखं आहे का हो, पैसे वसूल होतात का? तोंड पाहा विचारताना एकेकीचं! सगळं माहीत असते त्यांना, तरी विचारतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं.

यामिनीताई माझी नणंद. आमच्या यांच्याहून पाच वर्षांनी लहान आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून ताई. रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरी मागच्या खोलीत राहते. पुरानी बस्तीतल्या एका शाळेत शिवणकाम शिकवायची, आता रिटायर झाली. पंच्याण्णव साली तिचं लग्न ठरलं होतं, गोंदियाचा मुलगा. बारा फेब्रुवारीचा मुहूर्त. चार दिवस आधी निरोप आला की मुलानं नागपुरात रजिस्टर लग्न करून टाकलं. संपलं! मी या घरात आली ती तीन वर्षांनी, त्यामुळे रडारड काही माझ्या वाट्याले आली नाही. माझ्या वाट्याले आल्या तीन पेट्या.

पेट्यांमध्ये तिचं रुखवत. स्वतःच्या हातानं केलेलं, दोन वर्षं बसून. मण्यांचं तुळशीवृंदावन, आगकाड्यांचा रथ, लोकरीची बाग, मखमलीची सात पावलं, आणि मधोमध मांडायचे सुपारीचे नवरा-नवरी. एकूण तेवीस वस्तू. आता लग्नच झालं नाही तर रुखवत मांडणार कुठं? एकाही बाईनं गालावर बोट ठेवून 'अगंबाई, किती सुरेख!' म्हटलं नाही. दर दिवाळीले ती पेट्या उघडायची, बारीक ब्रशनं धूळ काढायची, डांबरगोळ्या बदलायची आणि पुन्हा कुलूप. मी म्हणायची, ताई, देऊन टाका कोणाले, जागा तरी होईन. ती म्हणायची, "एकदा मांडू द्या वहिनी. चार लोकांनी पाहिलं, कौतुक केलं, की मग फेकून द्या."

एवढंच मागणं होतं बाईचं. एकदा मांडायचं.

यंदा आमच्या गंधालीचं ठरलं. मुलगा श्रेयस, बिलासपूरचा. लोक चांगले, पण नाक जरा वर. बोलणी झाली त्या संध्याकाळी मी पुऱ्या तळून राहिली होती, तर ताई येऊन दारात उभी. तोंडावर असा उजेड की मले वाटलं हिचंच ठरलं. म्हणे, "वहिनी, गंधालीच्या लग्नात माझं रुखवत मांडू. नवं कायले करता? मी सगळं पुसूनपासून देते."

माझ्या हातातला झारा तेलात पडला. मोडलेल्या लग्नाचं रुखवत माझ्या पोट्टीच्या मांडवात! डोकं ठिकाणावर आहे का या बाईचं? मी तोंडावर सांगितलं, "ताई, तुम्ही मांडवात या, दोन घास खा, पण पेट्या आणू नका. अपशकुन होते." ती गॅस थोडा कमी करून निघून गेली. पण तिचा भाऊ! जेवताना म्हणे, "मांडू दे ना तिले. तुझं काय जाते?" माझं काय जाते? माझी पोरगी जाते ना त्या घरात! मी त्याच दिवशी ठरवलं, लग्नाआधी या पेट्या घराबाहेर गेल्या पाहिजे. कशाही जावो.

मग मले ती पाटी दिसली. सदर बाजारात गंधालीच्या पैंजणांसाठी गेली होती, तर वर मोठ्या अक्षरात: 'कौतुक घर, दुनिया के अजूबे एक छत के नीचे'. खाली एक कागद चिकटवलेला, तुमच्याकडं काही अजब वस्तू असेल तर आणा, आम्ही ठेवू. मी तशीच जिना चढली.

मालक चिराग नावाचा, तिशीचा. भोसल्यांच्या काळात इथं आलेल्या मराठी घराण्यातला. आजोबाले मराठी यायची, बापाले समजायची, याच्याजवळ फक्त आडनाव राहिलं. मी रुखवताचं सांगितलं तर त्याले ते माहीतच नाही. म्हणे, "काकी, सामान तो ठीक है, पर कोई कहानी है क्या? कहानी के बिना पब्लिक रुकती नहीं." मी त्याले कहाणी सांगितली. मोडलेलं लग्न सांगितलं. आणखीही सांगितलं, जे सांगाले नको होतं. तो ऐकत गेला, मी सांगत गेली. चहाही पाजला पोट्ट्यानं, वरून क्रीमवाली बिस्किटं. माझं ऐकून घेणारं माणूस मले बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

दोन दिवसांनी तो घरी आला, रुखवत नेऊन मांडतो म्हणून. ताईनं पेट्या उघडून एकेक वस्तू पलंगावर मांडली. चिरागनं सुपारीची नवरी दोन बोटांत धरून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बुआजी, इतना कौतुक होगा न आपका, देखना. पूरा रायपुर आएगा."

"कौतुक? माझं?" ताई मराठीतच म्हणाली.

"हाँ, आपका ही. नाम भी लिखेंगे, बोलो तो."

आता ऐका. हिंदीत कौतुक म्हणजे तमाशा. नवल. डोळे फाडून पाहायची गोष्ट. तो हिंदीतलं बोलला, तिनं मराठीतलं ऐकलं. तिले हिंदी येत नाही असं नाही, जन्म इथला तिचा. पण हा शब्द हिंदीत रोज कोण बोलते? आणि मराठीत तर ती तीस वर्षं त्याचीच वाट पाहून राहिली होती. मले बरोबर समजलं, कारण मी पाटी वाचली होती, बकरी पाहिली होती, बरणी पाहिली होती. एक वाक्य पुरलं असतं. 'ताई, तो तमाशा म्हणून राहिला.' मी नाही बोलली. मी पेट्या उचलाले हात लावला.

पंधरा दिवसांनी चिरागचा फोन आला, सजवून झालं, या पाहाले. रविवारचा दिवस. ताईनं कोशाची रेशमी साडी काढली, जी ती कोणाच्या लग्नातही नेसत नाही. केसात मोगऱ्याचा गजरा. रिक्षात बसल्यावर यांनी पाकीट काढलं तर त्यांचा हात धरला, "दादा, तिकीट आज माझ्यातर्फे. तुम्ही माझे पाहुणे." स्वतःचं तिकीट तिले माफ होतं, आम्हा तिघांचे, गंधाली धरून, साडेचारशे रुपये तिनं खिडकीत मोजून दिले आणि तिकीटवालीले सांगितलं, "अंदर मेरा भी रखा है." ती बाई हसली. ताईले वाटलं, कौतुकानं हसली.

बकरी झाली, नखं झाली. चमच्यांच्या खुर्चीत गंधालीनं बसून फोटो काढला. मग एक काळा पडदा, त्याच्यामागं आमचं.

लाल बल्ब. कापसाची जाळी टांगलेली, कोळ्याची म्हणून. कपड्याच्या दुकानातली एक प्लास्टिकची बाई, तिले फाटका लाल लेहंगा, डोक्यावरून ओढणी, तोंडाले पांढरा रंग. तिच्या पायाशी ताईचं तुळशीवृंदावन, ताईचा रथ, ताईची बाग, सगळं वेडंवाकडं ठेवलेलं, मुद्दाम. सुपारीची नवरी उभी आणि नवरा आडवा पाडलेला. कुठूनतरी एका बाईच्या हुंदक्यांचा आवाज सुरू, मशीनचा. समोर कॉलेजची पाच-सहा पोरं-पोरी खिदळून राहिली होती. आणि काचेवर पाटी, हिंदीत, जाड अक्षरात:

'कुँवारी का दहेज. दूल्हा कभी नहीं आया. दुल्हन आज भी ज़िंदा है, इसी शहर में. हर साल बारह फ़रवरी को कमरा बंद करके पीली साड़ी पहनती है और सुपारी के दूल्हे से बातें करती है.'

ताईनं ती पाटी पूर्ण वाचली. तिले चष्मा लागतो, तो पर्समधून काढला, लावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. गंधाली म्हणाली, "मम्मी, ये क्या है? बुआ सच में ऐसा करती हैं?" यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साडेचारशे रुपये पाण्यात. चला इथून." दुसरं काय सुचणार त्यांना!

ताईनं मान वळवली. पडद्याशी उभ्या चिरागकडं नाही, सरळ माझ्याकडं. हळू आवाजात विचारलं, "वहिनी, माझ्या दाराले फट आहे का?"

आहे. कडीच्या खाली, बोटभर. मी या घरात आल्यावर पहिल्याच फेब्रुवारीत मले सापडली. तेव्हापासून सत्तावीस वर्षं, दर बारा फेब्रुवारीले, मी त्या फटीशी वाकून पाहिलं. लग्नाची पिवळी अष्टपुत्री नेसून ती पाटावर बसायची, समोर ते सुपारीचं जोडपं, आणि काय काय पुटपुटायची. एका वर्षी मी तोंडात पदर कोंबून हसली होती. हेच मी चिरागले सांगितलं, क्रीमची बिस्किटं खाता खाता. या जगात ही गोष्ट दोघींनाच माहीत होती, आणि त्यातल्या एकीले आपण दोघी आहोत हेच माहीत नव्हतं.

मी पडद्याच्या फटीतून बकरीकडं पाहून राहिली.

"चल यामिनी," हे म्हणाले. पण ती पुढं झाली, दोरीच्या आत. नवरा उभा केला. रथ सरळ केला. बागेवरचा कापूस काढून फेकला. कॉलेजची एक पोरगी ओरडली, "आंटी, हाथ मत लगाओ, म्यूज़ियम का है!"

"मेरा है," ताई म्हणाली. "मैंने बनाया है. इस रथ में अठारह सौ तीलियाँ हैं, एक-एक का मसाला ब्लेड से निकाला है."

मग त्या पोरीनं हळूच विचारलं, "मतलब... वो आप हो?"

"मैं ही हूँ."

सगळ्यांचे मोबाईल एकदम वर झाले. मले वाटलं आता ही पडते, रडते, पळते. नाही! ती पदर नीट करून त्यांना सात पावलं दाखवाले लागली. आम्ही तिघं जिना उतरून आलो, ती आली नाही. यांनी दोनदा वर जाऊन बोलावलं. तिसऱ्यांदा तिकीटवाली म्हणाली, बार-बार ऐसे नहीं जा सकते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पण. चिरागनं लेहंग्याची बाई काढून तिच्या जागी खुर्ची टाकली आणि पाटीवर एक ओळ वाढवली, 'दुल्हन से मिलिए, रोज़ ग्यारह से छह'. तिकीट अडीचशे झालं. अडीचशे! आणि जिन्यावर रांग! ताई घरून निघायची ती अष्टपुत्री नेसूनच, भर कॉलनीतून, पिवळीधम्मक, पंचावन्न वर्षांची बाई. मी म्हटलं, "ताई, लोक हसून राहिले." ती म्हणाली, "आधीही हसतच होते, वहिनी. आता मले दिसते तरी कोण हसते ते." बस, एवढंच. भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर माझा जीव हलका झाला असता. पण ती माझ्या हातचं जेवायची, ताट घासायची आणि सकाळी पिवळी साडी नेसून निघायची.

मग बिलासपूरहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या भाचीनं कुठंतरी रील पाहिली होती. "सुनीतीताई, आमचं काही म्हणणं नाही. पण पाहुण्यांमध्ये चर्चा होऊन राहिली. लग्नापर्यंत त्यांना घरी ठेवा. नाही तर आम्हाले विचार करावा लागेन." विचार! तो शब्द मी तसाच गंधालीले सांगितला. गंधालीनं दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "मम्मी, ये सब आपने किया है." यांनी माझी चप्पल दाराशी सरळ करून ठेवली.

गेली मी. खिडकीवर म्हटलं, मैं उनकी भाभी हूँ. तिकीटवाली म्हणे, तो क्या हुआ, अढ़ाई सौ. दिले अडीचशे.

आत पाय ठेवाले जागा नाही. लाल बल्ब गेला होता, साधी ट्यूब लावली होती, हुंदक्यांची मशीनही बंद. चिरागनं की ताईनं, माहीत नाही. सगळं टेबलावर पांढरी चादर घालून मांडलेलं, जसं मांडवात मांडतात तसं, तेवीसच्या तेवीस वस्तू. आणि ताई एकेक उचलून सांगून राहिली होती. लोक हसत होते, हो, दोघं-तिघं तर तोंडावर हसत होते. पण एक म्हातारा सोनार चष्मा वर करून नवरीच्या लुगड्याचा काठ पाहून राहिला होता, आणि म्हणत होता, क्या महीन काम है, बेटी. मीही वाकून पाहिलं. सत्तावीस वर्षं मी त्या फटीतून पाहत होती ते तिले, ती नवरी मी कधी नीट पाहिलीच नव्हती. बोटाएवढी सुपारी, तिले नऊवारी, काष्टा घातलेला, काठाले खरी जर, नाकात एका मोत्याची नथ. मले लाज वाटली. उगीच कशाले लपवू, खूप लाज वाटली.

मी गर्दीतून पुढं जाऊन तिच्या कानाशी म्हटलं, "ताई, चला घरी, विहीणबाईंचा फोन आला. चुकलं माझं. गंधालीच्या लग्नात मांडू हे सगळं, अगदी दाराशी, पहिल्या टेबलावर. मी स्वतः मांडते."

"अपशकुन नाही होणार?"

"नाही होणार ताई. हात जोडते."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. इतकं निवांत तिनं माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "येते. लग्न होईपर्यंत पाय नाही ठेवत इथं, विहीणबाईंना सांगा. पण आज सहा वाजेपर्यंत तुम्ही इथं बसा. माझ्याजवळ."

मले वाटलं, सुटली मी! एवढंच ना? घड्याळात पाच वाजून गेले होते. मी मान हलवली.

ताईनं लोकांकडं तोंड केलं आणि शाळेत वर्ग घ्यायची त्या आवाजात म्हणाली, "सुनिए. ये मेरी भाभी हैं, सुनीती. बारह फ़रवरी वाली बात जो पाटी पर लिखी है, इन्होंने ही बताई. सत्ताईस साल ये मेरे दरवाज़े की दरार से देखती रहीं. बिना टिकट के."

लोक हसले. मोकळे, खळखळून. मग हसू ओसरलं आणि सगळे माझ्याकडं पाहाले लागले, वरून खालपर्यंत, साडी, चप्पल, तोंड. त्या म्हाताऱ्या सोनारानंही चष्मा माझ्याकडं वळवला. मोबाईल वर झाले. मी पदर तोंडावर घेतला तर कोणीतरी म्हणालं, "भाभीजी, पल्लू हटाओ ना."

भिलाईहून आलेली एक जाडजूड बाई, हातात समोशाची पुडी, पुढं आली. माझ्याशी नाही, ताईशी बोलली, "दीदी, इनके साथ फोटो का अलग से लगेगा, या टिकट में ही है?"

"हव," ताई म्हणाली. "टिकट में ही है." आणि मग एक खुर्ची ओढून, रुमालानं पुसून, मराठीत, घरी पाहुण्यांना म्हणावं तसं, "बसा वहिनी. लोकांनी पैसे दिले आहेत."

मी बसली.